रीघ लागलीय

मंगळवार, ता. ९
दुपारचे दोन

प्रिय बारके,

कशी आहेस? मान दुखायची थांबली का? दिवसभर वाकून लोकांच्या कवळ्या घासायच्या म्हटल्यावर मान धरणारच. मी मजेत. आईही बरी आहे, नवा चष्मा आवडला नाही म्हणून जुनाच लावून बसते. बाकी विशेष काही नाही.

पत्र बघून दचकशील. एवढ्या वर्षांत मी तुला साधं चार ओळींचं कार्डसुद्धा पाठवलेलं नाही. दुकानाच्या काउंटरवर बसून लिहिते आहे, दुकानाच्याच जाड कागदावर. मॅनेजर आत आहे. सकाळपासून दोन माणसं आली. एकाला घड्याळाचा पट्टा आवळून हवा होता, दुसऱ्याला बाथरूमला जायचं होतं.

परवा आईने तुझ्या खोलीचा फोटो दाखवला. कोपऱ्यावरची, मोठ्या खिडकीची. "बारकीचं स्वतःचं वर्कशॉप होणार गं, पुढच्या महिन्यात पैसे भरायचेत." मी म्हटलं, "वा, छानच की!" आणि आत जाऊन भांडी अशी घासली की आई विचारायला आली, कुणावर राग काढतेस म्हणून.

तुझ्यावर. आता उघडच बोलते. मला तुझा हेवा वाटतो. हेवा कसला, पोटात दुखतं माझ्या. तुझं ते शेअर प्रकरण सुरू झालं तेव्हापासून. आठवतं ना, जेवताना मीच किस्सा सांगत होते, चार वर्षं वेटिंग लिस्टवर थांबलेला एक गृहस्थ घड्याळ हातात आल्यावर माझ्यासमोर ढसाढसा रडला. सगळे हसले, तू हसली नाहीस. तू विचारलंस, "ताई, तुमच्या कंपनीचे शेअर मिळतात का गं?" तेव्हा सगळ्यात मोठ्यांदा मी हसले. "तू आपल्या कवळ्या कर," असंही म्हणाले.

तू खरंच शेअर घेतलेस, आणि तीन वर्षांत तुझे पैसे तिप्पट झाले. आई येईल त्याला सांगते. आणि मला म्हणते, "तू तर तिथेच उभी असतेस की गं दिवसभर, तुला कसं नाही सुचलं?" अठरा वर्षं हातमोजे घालून मी दुसऱ्यांच्या मनगटांवर घड्याळं चढवते आहे, आणि मला नाही सुचलं! ती बिचारी भाबडेपणाने विचारते, म्हणून जास्तच झोंबतं.

बरं, शेअरचा भाव वाढला तशी तू भाव खायला लागली असतीस तरी चाललं असतं. निदान तुला नावं ठेवता आली असती. गेल्या वर्षी दुकानात आलीस तेव्हा दरवानाला गमतीने म्हणालीस, "दार नीट उघडा हो, मालकीण आलीय." तो खराच घाबरला. मॅनेजरने तुला गिऱ्हाइकांच्या कपातून कॉफी दिली. मला अठरा वर्षांत त्या कपातून मिळालेली नाही. मग मी हातमोजे घालून तुला ते निळ्या तबकडीचं घड्याळ चढवलं. तू मनगट हलवून पाहिलंस आणि म्हणालीस, "काढ गं, जड आहे." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मला ते घड्याळ फार आवडतं, बारके. जड नाहीये ते.

आता मूळ मुद्द्यावर येते. मघापासून टाळते आहे.

वेटिंग लिस्टवरच्या लोकांना फोन मीच करते. "तुमचं घड्याळ आलंय" म्हटलं की पूर्वी लोक हातातलं काम टाकून यायचे. एकजण तर दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीतून उठून आला होता, अर्धा गाल बधिर. यंदा तसं राहिलं नाही. एक वकील, तीन वर्षं दर महिन्याला मला छळायचे, ते म्हणाले, "राहू दे हो, पुढे बघू." एका शनिवारी मी अकरा फोन केले. अकराही जणांनी नको म्हटलं. मॅनेजर म्हणाला, नावं खोडू नका, असू देत.

दुसऱ्या दिवशी रविवारी तुझा फोन आला. दोन महिने झाले त्याला. "ताई, खरं सांग. खोलीसाठी पैसे बाजूला ठेवलेत, तेही या शेअरमध्येच टाकू का? तू रोज डोळ्यांनी बघतेस म्हणून तुलाच विचारते." मी म्हणाले, "टाक की! इथे रीघ लागलीय नुसती."

चुकून बोलले नाही. ठरवूनही नाही. तोंडातून गेलं, आणि गेल्यावर मला बरं वाटलं. दोन महिने बरंच वाटत होतं. परवा फोटोत ती खिडकी बघितली आणि भांडी घासता घासता हात थांबले.

शुक्रवारी कंपनीचे आकडे जाहीर होणार आहेत, हे तुलाही माहीत असेल. रिकामी दुकानं आकड्यांत लपणार नाहीत. भाव आपटणार असं माझं मन सांगतं. त्याच्या आत सगळं विकून मोकळी हो.

आणि हे लिहिताना आत्ता डोक्यात आलं, की पत्र तुला शनिवारी मिळेल. फोन माझ्या कोपराशी आहे. तुझा नंबर पाठ आहे. तरी मी पाऊण तास पत्र लिहीत बसले आहे. काय बाई आहे मी!

थांब जरा.

तीन वाजून गेले

केला फोन. "सगळं विकून टाक, आजच्या आज," एवढंच मी एका दमात म्हणाले. तू हसलीस. "अगं, कधीच विकले! तुझ्याशी बोलले ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी." मी म्हटलं, पण मी तर रीघ लागलीय म्हणाले होते. तू म्हणालीस, "म्हणूनच. माझ्या शेअरबद्दल तू इतकं गोड कधी बोलली नव्हतीस." मग जेवलीस का विचारलंस, साचा सुकतोय म्हणालीस आणि ठेवलास.

म्हणजे तुला ठाऊक होतं. दोन महिने. आणि दर रविवारी फोन करून तू मला विचारत होतीस, ताई, पाय फार दुखतात का गं, दिवसभर उभी असतेस. आईलाही बोलली नाहीस. तुझ्या जागी मी असते तर गावभर केलं असतं.

पैसे वाचले याचा आनंद झाला, खरंच झाला. पण त्याच्या आधी राग आला, माझं खोटंसुद्धा तुझ्याच फायद्याचं ठरलं म्हणून. आणि सगळं कळूनही तू मला दोन महिने सांभाळून घेतलंस ना, त्याचा हेवा मला शेअरपेक्षा आणि खिडकीपेक्षा जास्त वाटतोय. मला हे कधी जमलं नसतं.

मी जाणूनबुजून खोटं बोलले हे फोनवर कबूल करायचा धीर झाला नाही, म्हणून पत्र पाठवतेच आहे. येत्या रविवारी माझ्या पायांची चौकशी करू नकोस. आधी मनसोक्त शिव्या घाल. मग वाटलं तर खोली बघायला ये म्हण.

तुझीच, जळकी
ताई