डावीकडून येणारी नळी

तुलुम, १४ मार्च २०१९, संध्याकाळ

प्रिय विल्बर्थ,

आज सकाळी सातला माझ्या फाउस्तोला जाऊन वर्ष झालं, त्याची प्रार्थना झाली. शेजारच्या बायका आल्या, मक्याचे तामाल खाऊन गेल्या. अकरा वाजता तुझ्या डायव्हिंग शाळेत त्याच्या पाठीवरच्या हवेच्या जोडटाक्या भिंतीवर लावल्या, खाली नावाची पाटी. तू चार शब्द बोललास, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मग तू सगळ्यांना मासे खायला घेऊन गेलास. मी हवा भरायच्या मशीनचं तेल बदलायचंय असं सांगून मागे राहिले. तेल बदलायचं नव्हतं. मला त्या टाक्या जवळून पाहायच्या होत्या. नळ्या त्याच्याच होत्या, पण तू त्या इतरांसारख्या सरळ करून बसवल्या होत्यास.

तुला हे सगळं त्यानेच आमच्या जेवणाच्या टेबलावर शिकवलं. लांब नळी उजव्या टाकीतून खाली, काखेखालून, छातीवरून डाव्या खांद्यावर, मानेमागून फिरून उजवीकडून तोंडात. आखूड नळी डाव्या टाकीतून, हनुवटीखाली रबरात अडकवलेली. पाण्याखालच्या गुहेत सोबत्याची हवा संपली तर तोंडातली लांब नळी काढून त्याला द्यायची आणि आपण हनुवटीखालची घ्यायची. तू हे घास तोंडात असतानाही म्हणायचास. "अरे, जेवताना तरी श्वास घे," असं तो म्हणाला की आई हसायची. तेव्हा तू सोळा वर्षांचा होतास.

पुढे एका परदेशी माणसाला वाचवताना तो खोलवरून घाईने वर आला, सांध्यात हवेचे बुडबुडे धरले आणि त्याचा उजवा खांदा गेला. हात कानाच्या वर जाईना. लांब नळी डोक्यावरून काढून पुढे करायला तोच हात लागतो, म्हणून त्याने सगळं डावीकडे घेतलं. लांब नळी डाव्या टाकीला, आखूड उजव्या. पान्याला जोर लावता येत नव्हता, म्हणून नळ्या मी बसवायचे. तुझ्या टीममधली पोरं ट्रकच्या मागे बसून विचारायची, "दाजी, आरशात बघून घातलंत काय?" तो म्हणायचा, "आरसा बरा. निदान उलट उत्तर देत नाही." तू हसला नाहीस. तू त्याला बाजूला घेऊन म्हणालास, "दाजी, अंधारात घाबरलेल्या माणसाचा हात उजवीकडेच जातो. शिवाय डाव्या टाकीची हवेची चावी गुहेच्या छताला घासून बंद होते. माझ्या टीममध्ये सगळ्यांचं एकसारखं पाहिजे. तुम्हीच शिकवलंत." तो म्हणाला, "बरोबर आहे तुझं." घरी येऊन त्याने एवढंच मला सांगितलं आणि बूट काढले.

तुझं बरोबर होतं, विल्बर्थ. मी अकरा वर्षं टाक्या भरते, मला तेवढं कळतं. म्हणून तुझ्याशी भांडले नाही. टीममधून निघाल्यावर तो आठ महिने एकटाच गुहेत जात राहिला आणि नवव्या महिन्यात परत आला नाही. तूच त्याला बाहेर काढलंस. ओल्या कपड्यांनी मशीनपाशी येऊन उभा राहिलास आणि म्हणालास, "ताई, नळ्या कशात अडकल्या नव्हत्या. दोन्ही चाव्या उघड्या होत्या. गाळ उठला, परतीची दोरी हातातून सुटली. शोधता शोधता हवा संपली." मी विचारलं, सोबत कोणी असतं तर? तू पाठ फिरवून ओला सूट काढायला लागलास. तेही मी सोडून दिलं, कारण त्याला बाहेर तूच आणलं होतंस.

पण आज तुझ्या एका विद्यार्थिनीने भिंतीकडे बोट दाखवून विचारलं, "सर, नळ्या नेहमी इतक्याच नीट असायच्या का त्यांच्या?" मी तुझ्यापासून दोन हातांवर होते. तू म्हणालास, "नेहमी. नियमाचा पक्का माणूस." तुझा चेहरा जराही हलला नाही. मुलं फोटो काढून चुकीचं शिकतील, ही तुझी काळजी मला समजते. मग पाटीवर दुसऱ्या कोणाचं नाव घालायचं. नळ्यांच्या ज्या मांडणीसाठी तू त्याला टीमच्या ट्रकवरून उतरवलंस, तीच तो मेल्यावर त्याच्या पाठीवरून उतरवलीस, आणि वर त्याचं कौतुक केलंस. ती मांडणी माझ्या हातची होती, हेही तू विसरलास.

उद्या भिंत रिकामी दिसेल तेव्हा चोरी झाली म्हणून कोणावर ओरडू नकोस, यासाठी हे पत्र लिहिते आहे. टाक्या मी तीनचाकीवर घालून घरी आणल्या. तू त्या रिकाम्याच टांगल्या होत्यास, म्हणून आधी भरून घेतल्या. शाळेची किल्ली याच पाकिटात आहे. सोमवारपासून मशीनवर दुसरं कोणी बघ. आईच्या घरी भेटलो तर बोलू, पण हे सोडून. आत्ता अंगणात बसून नळ्या पुन्हा त्याच्यासारख्या बसवल्या. पाना लावला, दोन्ही चाव्या उघडल्या, लांब नळीतून एक श्वास घेतला, मग आखूड नळीतून. दोन्ही चालतात. चाव्या बंद केल्या.

तुझीच बहीण,
नेल्सी