विभूतीच्या डबीतली किल्ली

लातूर, ४ डिसेंबर २०२४

ती. सौ. अक्कास, शि. सा. न.

फोनच केला असता. पण तुझा फोन दाजी स्पीकरवर लावतात, आणि विषय दाजींचाच आहे. पत्र एकटीनं वाच.

माझ्या कपाटातून ‘तिसऱ्या जावयाचा खून’ गायब आहे. पहिली आवृत्ती, मूळ चित्राच्या मुखपृष्ठासकट! अशी प्रत मराठवाड्यात दुसरी न्हाई. प्लास्टिकमध्ये जपली होती. डाग पडेल म्हणून मी स्वतःसुद्धा कधी वाचली नाही. कपाटाची किल्ली देव्हाऱ्यात, विभूतीच्या डबीत असते. तुम्ही आला होतात तेव्हा दाजी पूजेला तासभर बसले. एवढी भक्ती त्यांच्यात कधीपासून? वर, निघताना पिशवीला मला हात लावू दिला नाही. रहस्यकथा जमवणाऱ्याला एवढं पुरे. पोरीच्या, ऋतुजाच्या लग्नाआधी काय तो निकाल लागावा.

लोभ असू दे. संशय माझ्याकडे भरपूर आहे.
तुझा भाऊ, शिवशंकर

नांदेड, ९ डिसेंबर

चि. शिवशंकर, अनेक आशीर्वाद.

अक्षर ओळखलंस का? दाजींचं आहे. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, म्हणून तुझं पत्र त्यांनीच मला मोठ्यानं वाचून दाखवलं. ‘एवढी भक्ती’पाशी जरा थांबले, मग पुढं वाचलं. आता मी सांगते ते मुकाट लिहून राहिलेत.

पुस्तक मी नेलं. आपले आप्पासुद्धा तिजोरीची किल्ली विभूतीच्याच डबीत ठेवायचे, विसरलास? लग्नात तुला आहेर करायचा होता. पानं सुटत होती, कव्हर फाटलेलं. गफूरभाई बाइंडरनं कडा सरळ कापल्या, लाल रेक्झिन चढवलं, सोनेरी अक्षरात तुझं नाव घातलं. जुनं कव्हर टाकून दिलं. लई झ्याक दिसतंय! आता आहेर आधीच धाडतेय.

पूजा तुझ्याच ऋतुजासाठी होती. आणि पिशवी तुझी कंबर दुखते म्हणून उचलू दिली नव्हती, येड्या.

दाजी म्हणतात, लग्नाला मी एकटीनं जावं. हेही त्यांच्याच हातानं लिहून घेतलंय.

माया तुझ्यावर आहे, तुझ्या डोक्यावर नाही.
अक्का

लातूर, १४ डिसेंबर

ती. दाजींस, शि. सा. न.

हे पत्र थेट तुम्हालाच. पुस्तक मिळालं. आता जपण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून पहिल्यांदाच वाचून काढलं. तिसऱ्या जावयाला त्याच्या बायकोच्या भावानंच मारलेलं निघालं. शेवटची पानं मान खाली घालून वाचली.

कपाटाची किल्ली सोबत पाठवतोय. दुसरी न्हाई. ऋतुजाचे दागिने त्याच कपाटात आहेत. तुम्ही आल्याशिवाय पोरगी बोहल्यावर चढायची नाही.

रागवा, पण येऊन रागवा.
आपला, शिवशंकर

ता. क. गफूरभाई दुकानातली कचऱ्याची टोपली रोज रिकामी करतात का? सहज विचारतोय.