दुर्बिणीचे स्क्रू कोण फिरवतंय?

तीर्थरूप मामांना भाचीचा नमस्कार.

तुमचा गुडघा बरा असावा. मामी फोनवर ‘बरा आहे’ म्हणाली, पण तुमच्यासमोर म्हणाली, त्यामुळे पुरावा कच्चा आहे. माझी नोकरीही अजून कच्चीच. ती पक्की करायची की नाही हे साहेब सोमवारी ठरवणार, आणि त्याच दिवशी चौकशीही आहे. चौकशी मीच मागितली होती.

तुम्ही कारखान्यातल्या ज्या टेबलावरून निवृत्त झालात, तिथेच मी बसते. स्पर्धेच्या बंदुकीच्या नळीतून मागून बघायचं, भिंतीवरची फुली दिसली की वरच्या दुर्बिणीतूनही तीच दिसेपर्यंत स्क्रू फिरवायचे. ही जुळवणी, यात गोळी झाडत नाहीत. मग बंदूक मैदानावर नेमबाजबुवांकडे जाते (त्यांचा एक डोळा कायम अर्धा मिटलेला असतो, म्हणे घरीसुद्धा) आणि शेवटी स्क्रू हलू नयेत म्हणून त्यांवर लाख लावायला माझ्याकडे परत येते. तर परत आलेली प्रत्येक बंदूक बिघडलेली! नळी फुलीवर, दुर्बीण भलतीकडे. मी निमूटपणे जुळवून पुन्हा मैदानावर पाठवायची, ती पुन्हा बिघडून यायची. मला आधी भांडारवाल्याचा संशय आला, कारण तो शीळ घालतो. मग झाडूवाल्या बाईंचा, कारण त्या बंदुकांकडे ढुंकूनही बघत नाहीत. (हे जास्त खटकलं.) स्क्रूंवर नेलपॉलिशचे ठिपके दिले, सगळे तडकलेले निघाले. तेव्हा मी ‘अज्ञात व्यक्ती’विरुद्ध तक्रार केली आणि जेवणाच्या सुट्टीत मैदानावरच्या वाळूच्या पोत्यांमागे लपायला गेले. तिथे बुवा आधीच लपले होते.

“सापडलीस!” ते म्हणाले.

“मी? तुम्ही इथे काय करताय?”

“माझ्या बंदुका कोण नासवतं ते बघतोय. इथून जाताना नेम चोख, परत येतात तेव्हा गोळी वीतभर बाजूला!”

“पण मी तर त्या नीट जुळवून पाठवते.”

“अगं बाई, मी झिरो केलेली बंदूक तू परत जुळवतेस?”

“आणि तुम्ही परत आलेली बंदूक न विचारता परत झिरो करता?”

मग आम्ही दोघं कपड्यांवरची वाळू झटकत उठलो. झिरो करणं म्हणजे गोळ्या झाडून, गोळी जिथे लागते तिथे दुर्बीण आणणं. गोळी वाटेत खाली उतरते, नळीला धक्का बसतो. झिरो झालेल्या बंदुकीत नळी आणि दुर्बीण एका रेषेत राहूच शकत नाहीत. हे मी शिकले आहे. पुस्तकाच्या दोन वेगळ्या प्रकरणांत.

तक्रार बुवांनीही केली आहे, ‘अज्ञात व्यक्ती’विरुद्धच. दोन्ही अज्ञात व्यक्ती सध्या एकमेकांशी अतिशय नम्रपणे वागतात.

मामीला नमस्कार.

तुमची भाची

ता. क. चौकशीसाठी बाहेरचा तज्ज्ञ म्हणून तुमचं नाव मीच सुचवलं होतं, अर्थात पोत्यांच्या आधी. साहेबांचा फोन येईल. ‘स्क्रू आपोआप ढिले होतात’ असं सांगता आलं तर बघा. मला खोटं बोलणं परवडत नाही. तुम्ही निवृत्त आहात.

ता. क. २ आत्ताच कळलं, बुवांनीही तुमचंच नाव सुचवलंय आणि तुम्हाला पत्रही टाकलंय. त्यांचं पत्र आधी पोचलं असेल, तर माझ्याबद्दल काय लिहिलंय ते शब्दशः कळवा. मामीला न सांगता.