आमेनच्या आधीची ओळ

१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुला सलाम. तुमच्या मठाच्या मदर सुपिरियर पत्रं आधी उघडतात म्हणून त्यांनाही नमस्कार.

आम्ही ठीक आहोत. तुझ्या वहिनीची कंबर अधूनमधून धरते. पियानोच्या दोन पट्ट्या दमट हवेने बसल्यात आणि दुरुस्तीवाला 'आज येतो, उद्या येतो' करतोय. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्यात. त्या घेतल्या की झोप तर येत नाहीच, वर दिवसभर गुंगी. तेलही गेलं, तूपही गेलं!

मुद्द्याचं सांगतो. इतकी वर्षं मी स्तोत्रं लिहिली. मोठ्या सभागृहांत ती वाजली तेव्हा लोक म्हणायचे, हा अजून देवबिवावर लिहितो! मी हसायचो. यंदा पहिल्यांदाच पूर्ण मिस्सा लिहिली, अख्ख्या उपासनेचं संगीत, गायक आणि वाद्यवृंदासाठी. ह्या रविवारी आपल्याच चर्चमध्ये आहे, खऱ्या उपासनेत. पण विश्वासांगीकारातली, आपण उभं राहून म्हणतो त्यातली, शेवटची ओळ मी गाळली. मुद्दाम. म्हटलं, एवढ्या गजरात कोणाच्या लक्षात येतंय?

काय बावळट मी.

मंगळवारी तालीम होती. मी खूण केली, वाद्यं थेट 'आमेन'वर गेली आणि गायक गेलेच नाहीत. ओळ कागदावर नव्हती, पण लहानपणापासून जिभेवर बसलेली. सगळ्यांनी आधीच्याच सुरावर ती म्हणून टाकली, 'मेलेल्यांच्या पुनरुत्थानाची मी वाट पाहतो.' मग एकेक जण कागद चाळायला लागला. खर्जात गाणारा आपला बेकरीवाला म्हणाला, "सर, छापायची राहिली वाटतं."

मी त्याच्यावर ओरडलो गं. हातातली ताल द्यायची काठी भिरकावली. "मी लिहिलं नाही ते गायचं नाही!" सगळ्यांनी कागद मिटले. ओळ का गाळली ते त्यांना कळलं होतं, तेच जास्त लागलं.

संध्याकाळी फादर घरी आले. म्हणाले, "अर्धा विश्वास मला उपासनेत चालणार नाही. ओळ घाला, नाहीतर रविवारी आपण नेहमीचंच म्हणू." त्यांचं बरोबर आहे. मी बसलो लिहायला.

जमत नाही, ताई. 'वाट पाहतो' हे कोणत्या सुरात लिहू? दुसरं करतो काय मी? शाळा सुटायच्या वेळी अजून खिडकीशी जाऊन उभा राहतो. तुझी वहिनी जेवायला तीन ताटं काढते आणि एक परत ठेवते. मी पाहिलं नाही असं दाखवतो. चिऊ गेली, ताई. माझी पोर गेली. मार्चपासून हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. तू पत्रात 'देवाघरी' लिहितेस, तिथून पुढचं मी वाचत नाही. त्याच्या घरी काय गाणारे कमी पडले होते?

मदर, हे वाचलंत तरी पत्र ताईला द्या.

शेवटी त्या ओळीला सूर दिलाच नाही. तिथे वाद्यं थांबतील, गायकही गप्प राहतील. लोकांनी बाकांतून ती नुसती बोलायची आणि मग मी 'आमेन'ची खूण करायची. फादर कुरकुरत हो म्हणाले. पण लोक अवघडतील, एकमेकांकडे बघत बसतील. मी पाठमोरा. माझं तोंड काही उघडणार नाही. वहिनी येईल की नाही, तेही ठाऊक नाही.

तू ये. मदरच्या पाया पड, भांड, काहीही कर, पण ये. पहिल्या बाकावर बस आणि ती ओळ मोठ्याने म्हण. लहानपणी तूच ती माझ्याकडून घोकून घेतलीस, चुकलो की कान पिरगाळायचीस. तुझा आवाज मला कितीही गर्दीत ओळखू येतो. तो आला नाही तर माझा हात वर जाणार नाही. सगळं चर्च तसंच उभं राहील.

तुझा, आमेनपाशी अडलेला,
धाकटा