मळ्यातल्या लीगचं पत्रक

प्रिय भार्गवी,

हे पत्र आपल्या वाडीतल्या बाबूबरोबर पाठवतेय. तो उद्या सावंतवाडीला चाललाय, वाकडी वाट करून तुझ्या माहेरी तुझ्याच हातात देईन म्हणाला. फोन का केला नाही असं विचारशील. अगं, मी फोन उचलला की यज्ञेश टीव्हीचा आवाज कमी करून ऐकत बसतो, आणि मेसेज लिहायला घेतला तर खांद्यावरून वाचतो. नवरा तुझा असला तरी मुलगा माझा आहे, त्याचे गुण मला ठाऊक आहेत.

तुझा मेसेज वाचला. महिला क्रिकेट लीगच्या पत्रकावरून सगळ्या बायकांचे फोटो वगळतेस, नुसतं बॅट-बॉलचं चित्र टाकतेस आणि सोमवारी कुडाळला छापायला देतेस. देऊ नकोस.

आपल्याकडची पत्रकं मी जन्मभर बघत आलेय. वर देवाचं नाव, खाली मान्यवरांचे गोल गोल फोटो, मग शुभेच्छुकांची रांग. खेळणाऱ्यांना जागाच नाही. खेळायचं भात कापलेल्या मळ्यात, अंडरआर्म, आणि पत्रकावर हेल्मेट घातलेला कुणी गोरा बॅट्समन! तू देवाचं नाव तेवढं ठेवलंस आणि बाकी सगळी जागा बायकांना दिलीस. संचिता पदर खोचून बॉल टाकतेय, दिव्या बांधावरून उडी मारून कॅच घेतेय आणि मागे तिची गाय तोंड वर करून बघतेय. शाळेत बाई म्हणून मी इतकी वर्षं तक्ते रंगवले, पण असं काही मला सुचलं नसतं. मी ते तुझ्या मोबाईलवर पुन्हा पुन्हा मोठं करून पाहिलं.

पण आपल्या गावात बाईचा फोटो नाक्यावर लागतो तो ती निवडून आली तर, नाहीतर गेली तर. म्हणून एकेक जण येऊन सांगून गेली, माझा नको, लोक काय म्हणतले. तू कुणावर चिडली नाहीस, प्रत्येकीला चहा करून दिलास. मी असते तर चार शब्द सुनावले असते. संचिता आली तेव्हा मी मागीलदारी कुळीथ पाखडत होते. ती तुला म्हणाली, "आमचे फोटो लावतंस, मगे तुझ्या सासूचो खंय आसा गो?" आणि तू म्हणालीस, "आईंका त्रास नको." सूप हातात तसंच राहिलं माझ्या.

तुझे सासरे गेल्यापासून मी कुठल्याच फोटोत नाही. तुमच्या लग्नाच्या अल्बममध्ये शोधलंस तरी सापडणार नाही. कुणी मनाई केली नव्हती, पण फोटोवाला आला की मी आपसूक स्वयंपाकघरात जायचे आणि कुणी हाक मारायचं नाही. तू आलीस त्या पहिल्या गणपतीत मात्र हात धरून ओढलंस. मी निसटले. त्यानंतर तू कधी ओढलं नाहीस, पण प्रत्येक वेळी तुझ्या शेजारी थोडी जागा सोडून उभी राहतेस, ते मी पाहिलंय. फार गुणाची आहेस गं तू. तोंडावर म्हटलं तर डोक्यावर बसशील, म्हणून लिहून म्हणते.

काल संध्याकाळी मी मळ्यात गेले आणि संचिताला म्हटलं, टाक बॉल. शेजारच्या तन्वीला मोबाईल धरून उभं केलं होतं. पहिला हुकला. दुसरा बांधापलीकडे गेला आणि मी अशी हसले की फोटोत माझी कवळीसुद्धा दिसते. तन्वी तो तुला पाठवेल. सगळ्यात वर लाव. बायका आता म्हणतायत, "बाईंचो आसा, तर आमचो पण रवांदे." तेव्हा पत्रक तू केलंस तस्संच छापायचं, गाईसकट.

आता एवढ्यासाठी पत्र लागत नाही, हे मलाही कळतं. लिहिलं ते दुसऱ्याच कामासाठी, जे या घरात मोठ्याने बोलता येत नाही. आपल्या वाडीच्या टीममध्ये मी नाव दिलंय. यज्ञेशला अजून सांगितलेलं नाही, तो ब्लडप्रेशरचं मशीन घेऊन मागे लागेल. येताना माझ्यासाठी खेळायचे बूट आण, पाच नंबरचे. चपलेत रन काढता येत नाहीत.

तुझीच,
आई