फडक्यावरचं पीस

शनिवार, आरतीनंतर

आज सकाळी मारुतीला आंघोळ घालताना शेजारच्या दगडावरही लोटाभर पाणी ओतलं. पुसला, तर फडकं काळं झालं आणि दगडावर उमटलेलं एक पीस पुसलं गेलं.

हा दगड माझा मेहुणा सुदाम जत्रेतून घेऊन आला आणि देवळात ठेवला. कोंबडीएवढा, पिसांचा, मांस खाणारा डायनासोर कोट्यवधी वर्षांपूर्वी यात दबला म्हणे. बायांनी गरुड समजून कुंकू लावलं, तेव्हा सुदाम गप्प. तो गप्प का, हेच खुपत होतं. काल तर शेजारची कमल तापलेलं लेकरू दगडापुढे घेऊन बसली. दवाखान्याचं नावच घेईना.

सुदामला विचारलं, तर म्हणतो, "भाऊजी, आंघोळ देवाले घालतात. दगडाले कायले घातली?"

"कोटी वर्षं टिकलेलं पीस माह्या एका लोट्यानं कसं गेलं रे?"

हसत घराकडे निघाला.

असं जनावर होऊन गेलं असेल, त्याबद्दल शंका नाही. शंका आहे ती फडक्यावर उतरलेल्या या काळ्या रंगाची. आणि मीही आठ दिवस हात जोडलेच ना?

संध्याकाळी आरतीला सगळ्यांसमोर फडकं उलगडलं. कमलला लेकरासकट कामरगावच्या दवाखान्याकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसवलं आणि दगड सुदामच्या अंगणात ठेवून आलो.