उलटा फेरा

३ फेब्रुवारी
हात फिरवून व्यायाम देणारं यंत्र तयार झालं. मोटर गाडीच्या वायपरची. दांडा ऑलिव्हच्या लाकडाचा, हातानं घासून गुळगुळीत केलेला. मनगटाचा पट्टा जुन्या खोगिराच्या चामड्याचा. फेरा लक्षात ठेवणारी इलेक्ट्रॉनिक पाटी भरतकामाच्या यंत्रातून काढलेली. सगळं माझ्या हातचं! शाळेत नाही शिकलो — तेलाचे घाणे दुरुस्त करत शिकलो.
आज बायकोचा, बेयाचा, उजवा हात त्यात बांधला. अर्धांगवायूनंतर प्रथमच तो गोल फिरला — परातीत रवा वळून कुसकुस करताना फिरायचा तसा.

११ फेब्रुवारी
हात अडतो. ताठरपणा असणार. जोर वाढवला.

१९ फेब्रुवारी
दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या रीमबाई येऊन गेल्या. "मोंजीसाहेब, यंत्रानं ओढायचं नसतं. वाट पाहायची असते." मला शिकवतात! त्या गेल्यावर जोर आणखी वाढवला. बेया रडली. तिला आता एकच शब्द नीट येतो — "नाही." मी म्हटलं, "सोस गं थोडं."

२ मार्च
मेहुणी शेलबिया आली. यंत्र बघून हसतच सुटली.
"अहो भावोजी, हे काय! कुसकुस वळताना ताईचा हात उलटा फिरतो. आईनं चापट्या मारल्या तरी डावीकडूनच! गल्लीत तिला 'उलटी बेया' म्हणायचे. इतकी वर्षं खाताय, आणि ठाऊक नाही?"
नव्हतं ठाऊक. दाणा जाड झाला की लगेच सांगायचो. हात कधी पाहिला नाही.
म्हणजे तो अडत होता तो रोग नव्हता. ती बेया होती! हातात जीव होता, आणि मी त्याच्याशीच झुंजत होतो.

३ मार्च
तारा उलट्या जोडल्या. जोर काढून टाकला. यंत्र थांबून राहिलं. बराच वेळ काही नाही. मग हात निघाला — आपणहून! फेरा अंड्यासारखा लांबट, शेवटी छोटा हिसका. पाटीवर साठवून घेतला.
बेया म्हणाली, "हां."

९ मार्च
पहाटे दुसरा झटका. बेया गेली.

१२ मार्च
मयताला आलेल्यांसाठी शेजारणींनी अंगणात कुसकुस वळलं. मी हात बघत बसलो. सगळे उजवीकडून.

२० एप्रिल
एका खासगी दवाखान्याचे मालक आले होते. यंत्र हवंय. अट एकच — पाटी पुसून द्यायची, त्यांचे व्यायाम भरायचे आहेत.
रोज सकाळी मी माझं मनगट पट्ट्यात घालतो आणि मोटर लावतो. डावीकडून फेरा, शेवटी हिसका.
नको म्हणालो. चाळीस हजार दिनार देत होते.